तापलेली जमीन वळीव पिऊन टाकते? नाही

‘वळीव कितीही कोसळू दे, तापलेलं रान सगळं पिऊन टाकतं. ओढ्याला पूर यायचा तो आषाढात!’ पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात हे पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. मे २०२५ मध्ये मात्र बारामती-इंदापूरकडे ऐन उन्हाळ्यात घरांत पाणी शिरलं, नीरा डावा कालवाही फुटला.

जमीन पिते, पण तिच्या गतीने. वळवाचे टपोरे थेंब उघड्या रानावर आपटतात, ढेकळं फुटतात आणि बारीक माती छिद्रांत बसून वर पापडी धरते. मग वरून लोंढा वाहतो आणि खाली माती कोरडीच. सर ओसरल्यावर उकरून पाहा, बऱ्याचदा चार बोटांखाली धूळच निघते. काळ्या रानाच्या भेगा सुरुवातीला भरपूर पाणी गिळतात, हे कबूल. पण माती फुगली की त्या मिटतात. आणि पुरंदरच्या उतारांवर तर मुरूम नि कातळ. तिथे पिणार कोण?

एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे दोन लाख लिटर पाणी. असं शेकडो एकरांवरचं पाणी तासाभरात उतरलं, तर वेड्या बाभळींनी दाटलेल्या ओढ्यात मावत नाही. डोंगराकडे अंधारून आलं आणि ओढ्यातून गढूळ पाण्याबरोबर काटक्या यायला लागल्या, की ओढ्यावरच्या फरशी पुलावर गाडी घालू नका. फूटभर पाण्यातही छोटी कार तरंगू शकते.