डॉल्बीचा दिवा लागलाच नाही: डीव्हीडी कन्व्हर्ट करताना सराउंड ट्रॅक का हरवतो

डीव्हीडी कन्व्हर्ट करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘ऑडिओ’ उघडलं की साधारण अशी यादी दिसते: इंग्रजी एसी-३ ५.१, इंग्रजी डीटीएस ५.१, हिंदी एसी-३ ५.१, आणि तळाशी पुन्हा एकदा इंग्रजी एसी-३ २.०. (एसी-३ आणि डीटीएस या आवाज दाबून ठेवण्याच्या पद्धती; ५.१ म्हणजे सहा चॅनेल, २.० म्हणजे दोन.) एकदा मी जागा वाचावी म्हणून तळाची ओळ निवडली, रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला आणि सकाळी फाइल लावली. पडद्यावर नायक ओठ हलवतोय आणि दिग्दर्शक निवांत गप्पा मारतोय. ती ओळ कॉमेंटरीची होती.

ती चूक निदान लगेच कळली. मोठी चूक कळायला काही वर्षं गेली. घरातल्या सगळ्या डीव्हीडी फाइलींमध्ये उतरवून मी डिस्क रद्दीत दिल्या होत्या. नंतर रिसीव्हर, म्हणजे आवाज उलगडून स्पीकरना वाटून देणारं यंत्र, आणि पाच स्पीकर घरी आले. हौसेने एक फाइल लावली, तर रिसीव्हरवरचा ‘डॉल्बी डिजिटल’चा दिवा लागेना. दुसरी लावली, तिसरी लावली. सगळ्यांत एमपी३ स्टिरिओ! सहा चॅनेलचे दोन मीच केले होते, आणि दोनाचे परत सहा होत नाहीत. मी असं का केलं होतं, हे शोधायला बरंच मागे जावं लागतं.

आधी नावाबद्दल. महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ अशी मोहीम आपल्याकडेच निघू शकते. मूळचे रे डॉल्बी खरं तर आवाज कमी करणारे गृहस्थ. १९६३ ते १९६५ ते संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते. इथून परतल्यावर १९६५मध्ये त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली, आणि तिचं पहिलं काम होतं टेपवरची खरखर घालवणं. ज्याने आयुष्य खरखरीशी भांडण्यात घातलं, त्याचं नाव आपण ट्रॅक्टरवरच्या भिंतीला दिलं!

सिनेमातला चौफेर आवाज डॉल्बीच्या आधीपासून होता, पण महाग. ७० मिमीच्या प्रिंटवर चुंबकीय पट्ट्यांवर सहा ट्रॅक मावत. ‘शोले’ ज्यांनी मुंबईच्या मिनर्व्हात पाहिला, ते चित्राइतकंच त्या आवाजाबद्दल अजून बोलतात. पण अशी प्रिंट आणि असं थिएटर गावोगाव परवडणारं नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या मध्याला आलेल्या डॉल्बी स्टिरिओने यावर युक्ती काढली: डावा, उजवा, मधला आणि मागचा असे चार चॅनेल साध्या ३५ मिमी प्रिंटवरच्या दोन ट्रॅकमध्ये घडी घालून बसवायचे. मधला आवाज दोन्हीकडे सारखा घालायचा. मागचाही दोन्हीकडे घालायचा, पण उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकीकडची लाट वर तेव्हा दुसरीकडची खाली. थिएटरातलं यंत्र दोन ट्रॅकमधला सारखेपणा आणि फरक ओळखून घडी उलगडायचं. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ने ही पद्धत जगभर रुजवली. पुढे तीच घरी आली, १९८२मध्ये डॉल्बी सराउंड आणि १९८७मध्ये प्रो लॉजिक या नावांनी.

हे लक्षात ठेवायचं कारण असं की डीव्हीडीवर ‘२.०’ लिहिलेला ट्रॅक कधीकधी नुसता स्टिरिओ नसतो, त्यात ही घडी असते. तो एमपी३मध्ये फार पिळला, तर दोन बाजूंमधला बारीक फरक सगळ्यात आधी पुसट होतो. आणि मागचा आवाज राहतो तो नेमका त्या फरकात.

‘५.१’ हा आकडाही १९८७चाच. अमेरिकेत सिनेमाच्या डिजिटल आवाजाला किती चॅनेल लागतील यावर चर्चा चालू असताना टॉमलिन्सन होल्मन यांनी तो सुचवला. पाच पूर्ण चॅनेल, आणि फक्त खर्जासाठी एक छोटासा, म्हणून पॉइंट एक. १९९२मध्ये ‘बॅटमन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं. त्याचा डेटा फिल्मच्या कडेच्या भोकांमधल्या जागेत बारीक ठिपक्यांनी छापलेला असे. तिथे सेकंदाला ३२० किलोबिट एवढंच मावे, म्हणून आवाज चांगलाच दाबावा लागला. दाबण्याच्या त्या पद्धतीचं नाव एसी-३. पुढच्या वर्षी ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस आलं. त्यांनी फिल्मवर फक्त टाइमकोड ठेवला आणि आवाज वेगळ्या सीडी-रॉमवर दिला. जागा भरपूर, म्हणून दाबणं कमी. एसी-३ आटोपशीर आणि डीटीएस ऐसपैस, हा फरक भोकांमधली जागा आणि सीडी यांतून आलाय. डीव्हीडीच्या ऑडिओ यादीत तो आजही दिसतो.

डीव्हीडी १९९६च्या नोव्हेंबरमध्ये जपानात आणि १९९७मध्ये अमेरिकेत आली. सहा चॅनेल न दाबता ठेवायचे तर दोन तासांच्या सिनेमाला चार गिगाबाइटहून जास्त लागतात. एका थराची ४.७ गिगाबाइटची डिस्क जवळजवळ आवाजानेच भरली असती. म्हणून एसी-३ला पर्याय नव्हता. एनटीएससी ही टीव्हीची पद्धत असलेल्या देशांत (अमेरिका, जपान) तो पहिल्यापासून मान्य होता. टीव्हीची पाल पद्धत असलेल्या आपल्यासारख्या देशांत सुरुवातीला एमपेग ऑडिओ किंवा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) सक्तीचं होतं, पण तो आग्रह लवकरच सुटला. डीव्हीडीवर एसी-३ला कमाल ४४८ किलोबिट मिळतात. डीटीएस ऐच्छिक असून ते साधारण ७५४ किंवा १,५०९ किलोबिटचं असतं. एका सिनेमाला आठपर्यंत ऑडिओ ट्रॅक देता येतात. त्यांचा क्रम डिस्क बनवणारा ठरवतो, त्यामुळे पहिली ओळ सर्वांत चांगली असा काही नियम नाही.

१९९९मध्ये दोन गोष्टी घडल्या. डीव्हीडीचं कुलूप उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्रॅम इंटरनेटवर फिरू लागला (त्यासाठी नॉर्वेतल्या योन लेक योहानसेन या तरुणावर खटला झाला आणि तो सुटला). आणि मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-४ या चित्र दाबणाऱ्या कोडेकवर उचापती करून बनवलेला डिव्एक्स आला. डीव्हीडी रायटर अजून महाग होते, पण सीडी रायटर घरोघरी पोचत होते. त्यामुळे एक सिनेमा एका ७०० मेगाबाइटच्या सीडीवर, हे प्रमाण ठरून गेलं.

आता हिशोब करा. ४४८ किलोबिट म्हणजे सेकंदाला ५६ किलोबाइट. दोन तासांचे ७,२०० सेकंद. नुसत्या आवाजाचे ४०३ मेगाबाइट झाले, आणि चित्राला उरले तीनशेहून कमी. तोच आवाज १२८ किलोबिटच्या एमपी३ स्टिरिओत ११५ मेगाबाइटमध्ये बसतो. निवड कुठे होती? शिवाय आपल्याकडे डोळे आणि कान तयार झाले होते व्हीसीडीवर, जिचा आवाज मुळात २२४ किलोबिटचा स्टिरिओच. टीव्हीला दोन स्पीकर, कॉम्प्युटरला दोन. मागचे चॅनेल गेले म्हणून रडणार कोण?

या घाईत सहाचे दोन करणाऱ्या डाउनमिक्सने आणखी एक खोडी केली. डावा-उजवा तसाच, मधला तीन डेसिबलने कमी करून दोन्हीकडे, मागचेही तसेच, आणि खर्जाचा ‘पॉइंट एक’ बहुधा सरळ सोडून दिलेला. संवाद मधल्या चॅनेलमध्ये असतात. सगळ्यांची बेरीज फाटू नये म्हणून एकूण आवाज खाली आणला की तेच पुटपुटल्यासारखे ऐकू येतात. बॉम्ब फुटला की रिमोट शोधा, नायिका बोलली की पुन्हा शोधा, ही तक्रार बऱ्याचदा तिथून येते. सहाही चॅनेल राखायला गेलेल्यांची वेगळीच गंमत. एसी-३च्या आत क्रम डावा, मधला, उजवा असा, तर वेव्ह फाइलमध्ये डावा, उजवा, मधला. जुन्या साधनांत ही अदलाबदल चुकली की सगळी पात्रं उजव्या कोपऱ्यात उभी राहून बोलायची.

डबा, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा फाइलीचा प्रकार, बदलल्यावर परिस्थिती बदलली. एव्हीआय हे १९९२चं मायक्रोसॉफ्टचं प्रकरण. अनेक भाषांचे ट्रॅक नावानिशी सांभाळणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. २००२च्या डिसेंबरमध्ये मात्रोस्का सुरू झालं, म्हणजे आपलं एमकेव्ही. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून हे नाव. त्यात एसी-३, डीटीएस, कॉमेंटरी, सबटायटल सगळं जसंच्या तसं ठेवता येतं. २००३मध्ये हँडब्रेक हा डीव्हीडी कन्व्हर्ट करणारा प्रोग्रॅम आला. २००८मध्ये ॲपल टीव्हीला डॉल्बी डिजिटल बाहेर पाठवता येऊ लागलं, तेव्हा त्याच्यासाठीच्या हँडब्रेकच्या प्रीसेटने (तयार सेटिंगने) मला अजूनही सर्वांत शहाणी वाटणारी मांडणी केली: पहिला ट्रॅक एएसी (आवाज दाबण्याची एमपी३सारखीच एक पद्धत) स्टिरिओ, दुसरा एसी-३ पासथ्रू. फोनवर पहिला वाजवा, रिसीव्हरवर दुसरा.

पासथ्रू म्हणजे डिस्कवरचे बिट न उलगडता फाइलीत ठेवणं. ‘एएसी ५.१ केलं तर जागा कमी लागेल, चॅनेलही सहाच राहतील’ हा मोह मलाही झाला. अडचण केबलची. रिसीव्हरला जाणारी ऑप्टिकल केबल मुळात दोन चॅनेलच्या पीसीएमसाठी बनली. त्या वाटेने पाच-सहा चॅनेल न्यायचे तर एसी-३ किंवा डीटीएसचं बांधलेलं गाठोडंच न्यावं लागतं. एएसीचे सहा चॅनेल उलगडले की त्या केबलमधून जायला दोनच उरतात. एचडीएमआयने ही अडचण सोडवली, पण जुना रिसीव्हर असलेल्या घरात ती अजून आहे.

हार्ड डिस्क टेराबाइटमध्ये मिळायला लागल्यावर ४०३ मेगाबाइटचा प्रश्न कधीच संपला होता. एसी-३ची पेटंटही २०१७मध्ये संपली. तरी बरेच प्रीसेट आणि आपली बोटं स्टिरिओवरच जातात, कारण हात त्या सीडीवर बसलाय. माझ्यापुरतं सांगायचं तर एसी-३ ५.१ जसाच्या तसा ठेवतो, शेजारी फोनसाठी एक स्टिरिओ. अर्ध्या दराचं डीटीएस सोडून देतो. मला तरी त्यात आणि ४४८च्या एसी-३मध्ये फरक कळत नाही. पूर्ण दराचं असेल तर तेही ठेवतो, दोन तासांना तेराशे-चौदाशे मेगाबाइट गेले तरी.

रद्दीतून वाचलेल्या काही डिस्क मागच्या वर्षी मावशीच्या कपाटात सापडल्या. त्यांत एका मराठी नाटकाची डीव्हीडी होती. रंगमंचापुढे माइक लावून केलेलं चित्रण, ट्रॅक एकच, २.०. कन्व्हर्ट करताना प्रोग्रॅममध्ये त्यालाही ५.१ करण्याचा पर्याय दिसत होता. रिसीव्हरवरचा दिवा नक्की लागला असता. पण त्या नाट्यगृहात मागून फक्त खुर्च्यांची करकर आणि कुणाचा तरी खोकला येत असणार, आणि तो आधीच पुढच्या दोन चॅनेलमध्ये होता. २.० तसाच ठेवला.