धावपट्टीवरचा रंग तपासायचा कुणी?

१९३२च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा तिथे पट्टे मारायला पक्की धावपट्टीच नव्हती. वारा पाहून मैदानात उतरायचं. पुढे पक्क्या धावपट्ट्या आल्या, त्यावर खुणा आल्या आणि १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, ‘अ‍ॅनेक्स १४’ स्वीकारून विमानतळांसाठी सामाईक मानकं घातली. आज धावपट्टीवर पांढरा रंग आणि टॅक्सीवेवर, म्हणजे विमान धावपट्टीपर्यंत ज्या रस्त्याने जातं त्यावर, पिवळा. धावपट्टीच्या तोंडाशी किती पट्टे हेही रुंदीवर ठरतं: ४५ मीटरला १२, ६० मीटरला १६.

नियम झाले, पण रंगकाम मोठ्या कंत्राटातलं शेवटचं, स्वस्तातलं कलमच राहिलं. त्याची किंमत अपघातांनी दाखवली.

३१ ऑक्टोबर २०००, तैपेई. वादळी रात्री सिंगापूर एअरलाइन्सचं विमान कामासाठी बंद असलेल्या धावपट्टीवरून उडायला निघालं आणि बांधकामाच्या यंत्रांवर आदळलं. ८३ जण गेले. योग्य धावपट्टीकडे नेणारी टॅक्सीवेची मध्यरेषा वाटेत तुटलेली होती आणि बंद धावपट्टीच्या तोंडाशी ‘बंद’ची खूण नव्हती. वैमानिकांच्या चुका होत्याच; पण जमिनीनेही त्यांना अडवलं नाही.

वर्षभराने, ८ ऑक्टोबर २००१ला, मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुकं होतं आणि जमिनीवरचं रडार बंद. एका छोट्या सेसना विमानाला आर-५ टॅक्सीवेने जायचं होतं, ते आर-६ने निघालं. वाटेत वैमानिकाने ‘एस-४’पाशी आल्याचं कळवलं. ती खूण जमिनीवर होती, नियंत्रकाच्या नकाशात नव्हती. सेसना धावपट्टीवर आलं, तेव्हाच तिथून एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीचं प्रवासी विमान उड्डाण घेत होतं. ११८ मृत्यू झाले. इटलीच्या तपास अहवालाने तिथल्या खुणा, फलक आणि दिवे मानकांत बसत नसल्याचं नोंदवलं. नकाशा हातात घेऊन कुणी एकदा चालत गेलं असतं, तर ‘एस-४’ सापडली असती, असं मला वाटतं.

२००३च्या नोव्हेंबरपासून आंतरराष्ट्रीय विमानतळांना प्रमाणपत्र घेणं आयकाओने बंधनकारक केलं. पण विमानतळाचं प्रमाणपत्र म्हणजे प्रत्येक पट्ट्याची तपासणी नव्हे. त्यासाठी हे काम जाणणारा, ठेकेदाराशी न बांधलेला माणूस लागतो. रस्त्यावर पट्टे मारण्याचा अनुभव इथे पुरत नाही. रंगावर टाकलेले काचेचे बारीक मणी साधारण निम्मे रुतायला हवेत: जास्त बुडाले तर रात्री प्रकाश परतत नाही, कमी रुतले तर निघून जातात. वर्षानुवर्षं थरावर थर दिले की रंगाचे पापुद्रे सुटतात. जुनी रेषा खरवडण्याऐवजी काळ्या रंगाने झाकली, तर ओल्या रात्री दिव्यांच्या उजेडात तीही दिसू लागते आणि वैमानिकापुढे दोन रेषा येतात. यातलं बरंचसं दुपारी, कोरड्या उन्हात केलेल्या पाहणीत दिसत नाही.

मुंबईत दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतरच्या देखभालीला दोन्ही एकदम बंद ठेवाव्या लागतात. वेळ मिळतो साधारण सहा तास. विमानांच्या चाकांचं चिकटलेलं रबर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढायचं आणि खुणाही रंगवायच्या, तेवढ्यातच. रंगाला मात्र कोरडा पृष्ठभाग लागतो. अशा वेळी ‘इथे अजून ओल आहे, थांबा’ असं म्हणण्याचा अधिकार कुणाकडे, हे निविदेतच लिहिलेलं असावं.