पारावरची पिवळी व्हॅन

आमच्या गावात, बीड जिल्ह्यात, सकाळी आठला पारापाशी पिवळी व्हॅन थांबते अन् टाय लावलेली दहा-बारा लेकरं तीत दाटीवाटीनं बसून तालुक्याच्या इंग्लिश मिडीयमला जातात. व्हॅन झेडपीच्या शाळेवरूनच जाते. त्या शाळेत आता राहिलीत मजुरांची अन् ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं, दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यावर निघाल्या की त्यातलीही बरीच वर्गातून गायब होतात. आम्ही शिकायचो तेव्हा सरपंचाचा पोरगा अन् सालगड्याचा पोरगा एकाच सतरंजीवर बसायचे. तेव्हा सगळं गोड होतं असं नाही, पाण्याच्या माठापाशी भेद होताच, पण वर्ग तरी एक होता.

ही फाटाफूट मोजता येते. समजा दोन शाळा आहेत, गरिबाघरची 50 लेकरं अन् बऱ्या घरची 50. एका शाळेत 40 गरीब, 10 बऱ्या घरची, दुसरीत बरोबर उलटं. दोन्हीकडं सारखं प्रमाण यायला पहिल्या शाळेतली 30 गरीब लेकरं दुसरीत न्यावी लागतील, म्हणजे 50 पैकी 30, म्हणून आकडा आला 0.6. सगळी मिसळलेली असली तर 0, पूर्ण वेगळी असली तर 1. देशादेशांची तुलना करायला ओईसीडी या, बहुतेक श्रीमंत देशांच्या, संघटनेची पिसा परीक्षा कामी येते, ती 2000 पासून 15 वर्षांच्या मुलांची घेतात, अन् आईबापाचं शिक्षण, काम, घरात पुस्तकं किती हेही विचारतात.

त्यातून दिसतं की हे काही नशिबानं होत नाही, देशाच्या नियमांनी होतं. फिनलंडनं 1970 च्या दशकात सगळ्यांना एकच शाळा केली, 16 वर्षांपर्यंत निवड नाही, फी नाही, तिथं शाळाशाळांतला फरक कमी आहे. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, म्हणजे दहाव्या वर्षी, पोरांच्या वाटा वेगळ्या करतात, अन् इतक्या लहान वयात लेकराचं डोकं कमी दिसतं, घर जास्त दिसतं. पोलंडनं 1999 मध्ये ही वाटणी फक्त एक वर्ष पुढं ढकलली, नंतर तिथले निकाल सुधारले. चिलीत 1981 पासून सरकार खासगी शाळांनाही पोरामागं पैसे द्यायला लागलं, पुढं वरून फी घ्यायचीही मुभा दिली, मग लेकरं बापाच्या खिशाप्रमाणं वाटली गेली, शेवटी 2015 मध्ये कायदा करून फी अन् निवड दोन्ही बंद करायला घेतलं.

मग पालकांचा दोष का? मला नाही वाटत. थॉमस शेलिंग नावाच्या अर्थतज्ज्ञानं 1971 मध्ये दाखवलं होतं की 'आपल्यासारखे थोडे तरी शेजारी असावेत' एवढीच माफक इच्छा असली तरी अख्खी वस्ती दोन भागांत फाटते. शाळेचंही तसंच होतं. आधी गुरुजींचीच लेकरं गेली, मग दुकानदाराची, मग राहिलेल्यांना वाटायला लागलं की आपणच मागं का राहावं. एकानंही वाईट ठरवलं नाही, तरी शाळा रिकामी झाली.

आपल्याकडं कोठारी आयोगानं (1964-66) शेजारशाळा, म्हणजे एका वस्तीतली सगळी लेकरं एकाच शाळेत, सांगितली होती, ती झाली नाही. 2009 च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क, कायद्यात खासगी शाळांत गरीब अन् वंचित घरच्या लेकरांसाठी 25 टक्के जागा आल्या. 2024 मध्ये राज्यानं, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असली तर खासगी शाळेला त्यातून सूट, असा नियम काढला, तो मुंबई हायकोर्टानं त्याच वर्षी जुलैत रद्द केला. बरं झालं, माझं स्पष्ट मत.

कारण गरीब लेकरं वर्गात आली तर आपल्या पोरांचं नुकसान होतं, ही भीती मी घरोघरी ऐकतो. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी दिल्लीच्या महागड्या शाळांत हेच तपासलं. इंग्रजीच्या मार्कांत किंचित घट सोडली तर अभ्यासात फारसा फरक पडला नाही, पण श्रीमंत मुलं जास्त उदार झाली. रिले शर्यतीला जोडीदार निवडायची वेळ आली तेव्हा, गरीब वर्गमित्र असलेल्या पोरांनी जोरात पळणाऱ्या गरीब पोराला नाकारायचं प्रमाण कमी होतं.

आमच्याकडं कबड्डी पाचला सुरू होते, शाळेमागच्या मैदानात. व्हॅन साडेपाचला येते, तोवर गडी वाटून झालेले असतात.