रक्तदान शिबिर कशाचा पुरावा?

नारायण पेठेतल्या माझ्या आत्याची ठेव एका पतसंस्थेत अडकली, तेव्हा शेजाऱ्यांनी तिलाच समजावलं, "अध्यक्ष तसे नाहीत हो. दर वर्षी रक्तदान शिबिर घेतात, पोरांना वह्या वाटतात." आत्या स्वतः त्या शिबिरात रक्त देऊन आलेली. ती गप्प बसली आणि आठ महिने गेले.

एखादी गोष्ट पुरावा कधी ठरते, याचं एक गणित आहे. थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधात त्याचं मूळ आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली छापला गेला. समजा, शंभर प्रामाणिक अध्यक्षांपैकी साठ जण शिबिरं घेतात आणि अफरातफर करणाऱ्या शंभरांपैकीही साठच. मग शिबिर पाहून आपला अंदाज तसूभरही हलायला नको. ज्याला ठेवी गोळा करायच्या आहेत त्याला लोकांचा विश्वास लागतोच, म्हणून अफरातफर करणारे ऐंशी जण शिबिरं घेत असतील, तर तेच शिबिर थोडं उलट बोट दाखवतं. आकडे कल्पित आहेत, पण प्रश्न खरा आहे: दोषी माणसानेही हे केलं असतं का?

तरी मन हलतं. १९२० मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य या वेगवेगळ्या गोष्टी. पण एकीत वर असलेला माणूस बाकी सगळ्यांतही वर दिसत होता. मूर्तीमागच्या प्रभावळीसारखा एका गुणाचा उजेड सगळ्यावर पडतो.

ब्रिटिश टीव्ही कलाकार जिमी सॅव्हिलने सुमारे ४ कोटी पौंड देणग्या जमवल्या. स्टोक मँडव्हिल रुग्णालयाच्या मणक्याच्या विभागासाठी त्याने निधी उभारला आणि तिथे त्याला मोकळा वावर मिळाला. २०११ मध्ये तो सन्मानाने गेला. २०१५ च्या चौकशी अहवालानुसार त्या एकाच रुग्णालयात त्याने ६० जणांवर लैंगिक अत्याचार केले होते. आधी तक्रारी झाल्याच नव्हत्या असं नाही. कुणी काही केलं नाही. मला इथे सगळ्यात अस्वस्थ करतं ते हे, की देणग्यांनी गुन्हा झाकला एवढंच नाही, त्यांनी दार उघडून दिलं. मदत चारचौघांत झाली, अत्याचार बंद खोलीत; पहिली पाहिलेल्यांना दुसऱ्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, आणि साक्ष मात्र तेच देत होते.

आपला कायदा आरोपीचं चांगलं चारित्र्य विचारात घेतो. पण तो फार दुबळा पुरावा आहे, शंका असेल तिथे तो पारडं झुकवू शकतो, थेट पुराव्यावर मात करू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच सांगितलं. अर्थात, समाजकार्य करतो म्हणून कुणी संशयितही ठरत नाही. शिबिराने हिशेबाबद्दल काही कळत नाही, इतकंच. हिशेब कळतो ताळेबंदातून, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद संस्थेच्या कार्यालयात फुकट पाहायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे.

नवव्या महिन्यात आत्या तो मागायला गेली. शिबिराचं प्रमाणपत्र अजून तिच्या भिंतीवर आहे. मी म्हटलं, काढून टाक. ती म्हणाली, "का म्हणून? रक्त माझं होतं."