रुग्णालयात जडलेला लीजनेअर्स आजार : तपासणी कोणाची, नमुने कोणते, नोंदी कोणत्या

दुसऱ्याच कारणासाठी दाखल असलेल्या रुग्णाला आठ-दहा दिवसांनी न्यूमोनिया झाला, की बहुतेक वेळा नेहमीच्या जंतूंवरचं औषध सुरू होतं आणि लिजिओनेलाची, म्हणजे लीजनेअर्स आजार करणाऱ्या आणि पाण्यातून येणाऱ्या जंतूची, चाचणी मागायचं राहून जातं. हा जंतू फुप्फुसातल्या पेशींच्या आत शिरून वाढतो. त्यामुळे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं त्याच्यावर चालत नाहीत. लिव्होफ्लॉक्सासिन किंवा अझिथ्रोमायसिन लागतं. या आजारात साधारण दहातला एक रुग्ण दगावतो. लागण रुग्णालयातच झाली असेल, तर हे प्रमाण चारात एकापर्यंत जातं.

तपासणीसाठी पात्र कोण?

दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर सुरू झालेला न्यूमोनिया हा पहिला निकष. अतिदक्षता विभागात न्यावं लागलेले, आधीच्या अँटिबायोटिकने बरे न झालेले आणि प्रतिकारशक्ती खालावलेले न्यूमोनियाचे रुग्णही यात येतात. अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असलेले रुग्ण यांच्याबाबत तर चाचणी मागायला कारण शोधत बसू नये.

‘रुग्णालयातली लागण’ कधी म्हणायचं?

सगळी ओढाताण इथेच होते. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेचा निकष असा : लक्षणं सुरू होण्याआधीच्या १४ दिवसांपैकी किमान १० दिवस रुग्ण सलग आरोग्यसंस्थेत असेल, तर लागण तिथलीच असं गृहीत धरतात. त्या १४ दिवसांतला थोडाच काळ तिथे गेला असेल, तर ती ‘संभाव्य’ लागण. दिवस मोजायचे ते लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेपासून मागे. दाखल झाल्याची किंवा रिपोर्ट आल्याची तारीख इथे उपयोगाची नाही.

समजा, रुग्ण १ तारखेला दाखल झाला. ताप १२ तारखेला आला तर तो पहिल्या (‘गृहीत’) गटात, ६ तारखेला आला तर दुसऱ्या (‘संभाव्य’). मग त्याच्या घरचा शॉवरही संशयाखाली येतो. बारा दिवस राहून घरी गेलेल्याला तिसऱ्या दिवशी ताप आला आणि तो दुसऱ्याच रुग्णालयात गेला, तर तो पहिल्या गटातला असूनही बाहेरची लागण म्हणून नोंदला जाण्याची भीती असते. डिस्चार्ज कार्ड मागितलं तरच हे कळतं.

नमुने : दोन, एकाच वेळी

लघवीतल्या अँटिजेनची (जंतूच्या अंशाची) चाचणी सोपी आणि झटपट होते, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. माझ्या मते निदानातली मोठी चूक हीच आहे. ही चाचणी मुख्यतः लिजिओनेला न्यूमोफिला सेरोग्रुप १ एवढाच प्रकार ओळखते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना इतर प्रकारही गाठतात, तेव्हा लघवीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असं लिहू नये. उलट बाजूही आहे : अँटिजेन काही आठवडे, क्वचित काही महिने लघवीत उतरत राहतं. म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्टही लक्षणांच्या तारखेशी ताडून पाहावा.

दुसरा नमुना बेडक्याचा, किंवा दुर्बिणीने श्वासनलिकेतून घेतलेल्या द्रवाचा. त्यावर पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणं) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) दोन्ही मागावं. ब्लड अगार या जंतू वाढवण्याच्या नेहमीच्या माध्यमावर हा वाढत नाही. त्याला कोळसा आणि यीस्टचा अर्क घातलेलं खास माध्यम लागतं, म्हणून मागणीपत्रावर ‘लिजिओनेला’ असं स्पष्ट लिहावं. पुवाच्या पेशी कमी दिसल्या म्हणून प्रयोगशाळेने हा नमुना परत पाठवू नये. कल्चरला तीन ते पाच दिवस, कधी जास्तही लागतात. उपचार त्यासाठी थांबवायचे नाहीत. जमल्यास औषधाआधी नमुना घ्यावा, नाही जमलं तर नंतर.

एवढा खटाटोप कशासाठी? रुग्णातून वाढवलेला जंतू आणि नळातून वाढवलेला जंतू यांची जनुकीय तुलना करूनच लागण कुठून झाली ते ठामपणे सांगता येतं. लघवीच्या रिपोर्टमधून तुलनेसाठी काहीच हाती येत नाही. तीन ते सहा आठवड्यांच्या अंतराने रक्ताचे दोन नमुने घेऊन प्रतिपिंडं चौपट वाढली का, हेही पाहतात. पण तोवर उपचाराचा निर्णय होऊन गेलेला असतो.

फाइलला काय जोडायचं?

- लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि आधीच्या १४ दिवसांचा मुक्काम : वॉर्ड, खाट, बदल्या, डायलिसिससारख्या फेऱ्या
- पाण्याशी आलेला संबंध : शॉवर, नेब्युलायझर, ह्युमिडिफायर, बर्फ
- छातीचा एक्स-रे किंवा सीटी, चालू औषधं, आधीची डिस्चार्ज कार्डं
- चाचणीचं नाव आणि नमुना घेतल्याची तारीख असलेला रिपोर्ट
- पाण्याचं तापमान व उरलेल्या क्लोरीनची नोंदवही, पाइपदुरुस्ती व पाणी बंद राहिल्याच्या तारखा

शेवटची नोंद देखभाल विभागाकडे असते, आणि ती मिळायला सगळ्यात उशीर लागतो.

केस नोंदल्यावर

आरोग्य विभागाला कळवावं. ‘गृहीत’ गटातला एक रुग्ण, किंवा १२ महिन्यांत एकाच ठिकाणचे दोन ‘संभाव्य’ रुग्ण, एवढ्यावर सीडीसीच्या मते पूर्ण चौकशी सुरू व्हायला हवी. आजार सहसा माणसाकडून माणसाला जात नाही. रुग्णाला वेगळं ठेवण्यापेक्षा शॉवर बंद करणं, नळांना ०.२ मायक्रॉनचे फिल्टर लावणं आणि नेब्युलायझरमध्ये निर्जंतुक पाणीच वापरणं तातडीचं.

पाण्याचे नमुने मात्र टाकीत जादा क्लोरीन ओतण्याआधी घ्यावेत, नाहीतर पुरावाच धुऊन जातो. नमुना एक लिटरचा, बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट असलेला. शॉवरच्या तोंडाच्या आतून स्वॅबही घ्यावा. शुद्धीकरणानंतर तीन महिने दर दोन आठवड्यांनी आणि पुढचे तीन महिने महिन्यातून एकदा पाणी तपासतात. या काळात जंतू पुन्हा सापडला, तर वापरलेली उपाययोजना बदलून पाहावी लागते.