कैदी सोडले तरी जेल भरलेलंच, असं कसं?

कोरोना आला तेव्हा सगळ्यांना अंतर ठेवा म्हणून सांगत होते आणि त्याच वेळी मुंबईच्या आर्थर रोड जेलमधे 800 च्या जागेत अडीच हजारांवर माणसं होती. अशा बराकीत एकाची चटई संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते, संडास सगळ्यांचे तेच, आता यात अंतर ठेवणार कुठे. मे 2020 मधे तिथले दीडशेच्या वर कैदी पॉझिटिव्ह निघाले.

सुप्रीम कोर्टाने 23 मार्च 2020 लाच राज्यांना कमिट्या नेमायला सांगितल्या होत्या, 7 वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यातल्या लोकांना पॅरोल किंवा अंतरिम जामिनावर सोडता येईल का बघा म्हणून. हजारो लोक सुटले पण. मग गर्दी कमी झाली असेल ना? तर एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची आणि जेलची आकडेवारी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) आकड्यांत 2019 अखेर देशात 4,78,600 कैदी होते आणि 2020 अखेर 4,88,511. वाढलेच!

इथे एक सोपं गणित कामाला येतं, लिटल्स लॉ, जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने 1961 मधे सिद्ध केलेलं. दवाखान्यात किती पेशंट बसलेत हे दोनच गोष्टींवर ठरतं, तासाला किती येतात आणि प्रत्येकाला किती वेळ बसावं लागतं. डॉक्टरच गायब झाला तर पेशंट कमी येऊनही बाकडी भरतातच. जेलचं सेम. 2019 मधे वर्षभरात पावणेएकोणीस लाखांच्या वर लोक आत गेले, 2020 मधे सव्वासोळा लाखांच्या आसपास, म्हणजे येणारे चांगलेच घटले. आता वर्षअखेरच्या कैद्यांच्या आकड्याला त्या वर्षी आत आलेल्यांच्या आकड्याने भागा आणि 365 ने गुणा (ढोबळ आहे, पण अंदाज येतो), सरासरी मुक्काम 93 दिवसांवरून 109 दिवसांवर जातो.

मुक्काम लांबला कारण कोर्टं नीट चालू नव्हती. तारीख पडायची ती पुढे ढकलायलाच, साक्षीदार येऊ शकत नाहीत, व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवरची सुनावणी) चेहरा दिसला तर आवाज नाही. जामिनाची ऑर्डर झाली तरी जामीनदार लागतो, त्याचा ऐपतीचा दाखला लागतो, आणि इथे एसटी बंद, गाव बंद, मुलाकत (जेलमधली भेट) बंद, घरच्यांना निरोप तरी कसा द्यायचा.

खरी गंमत (गंमत कसली म्हणा) आतल्या वाटणीत आहे. शिक्षा झालेले, म्हणजे पक्के कैदी 1,44,125 वरून 1,12,589 वर आले, काही पॅरोलवर गेले आणि निकालच लागत नसल्याने नवीन पक्के फारसे तयारच होईनात. आणि कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच नाही, ते 3,30,487 वरून 3,71,848! म्हणजे शंभरातले 69 कच्चे होते ते एका वर्षात 76 झाले. आजाराने शिक्षा न झालेल्यांचाच मुक्काम वाढवला, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

2021 मधे येणाऱ्यांचा आकडा परत 18 लाखांवर गेला, आतला आकडा साडेपाच लाखांच्या पार. मार्च 2023 मधे कोर्टाने, साथीत सोडलेल्यांनी 15 दिवसांत परत हजर व्हा म्हणून सांगितलं.