कार्डिॲक इमेजिंगचे अध्यापक व्हायचे असल्यास: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

टूडी इको, अन्ननलिकेतून केला जाणारा टीईई, कार्डिॲक एमआरआय आणि सीटी कोरोनरी अँजिओग्राफी या हृदयाच्या प्रतिमा-तपासण्यांत, म्हणजे कार्डिॲक इमेजिंगमध्ये, प्रावीण्य मिळवून वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्याची इच्छा असणाऱ्या डॉक्टरांनी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. महाविद्यालयांच्या जाहिरातींत ‘इमेजिंग’चे पद सहसा नसते. पद असते हृदयरोगशास्त्राच्या सहायक प्राध्यापकाचे, आणि त्यासाठी लागते डीएम किंवा डीआरएनबी कार्डिओलॉजी, म्हणजे एमडीनंतरची हृदयरोगातील अतिविशेषज्ञ पदवी. इमेजिंगमधील कौशल्य त्या पदवीच्या काळात आणि नंतर स्वतः जमवावे लागते, आणि त्याचा पुरावाही उमेदवारालाच सांभाळावा लागतो. रेडिओलॉजीत एमडी केलेल्यांचा मार्ग वेगळा आहे; त्याचा विचार येथे केलेला नाही.

डीएमचा प्रवेश

डीएम कार्डिओलॉजी हा 3 वर्षांचा अभ्यासक्रम असून जनरल मेडिसिन, बालरोग किंवा श्वसनरोग या विषयांतील एमडी अथवा डीएनबी असलेले डॉक्टर त्यासाठी पात्र ठरतात. प्रवेश नीट-एसएस या अतिविशेषज्ञ अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेतून होतो. ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते आणि जागावाटप केंद्रीय वैद्यकीय समुपदेशन समिती करते. म्हणजे मुंबईच्या केईएम, नायर, सायन किंवा जे. जे. रुग्णालयातील जागेसाठीही अर्ज दिल्लीच्या संकेतस्थळावरच भरावा लागतो. एम्स, चंडीगडची पीजीआय आणि पुदुच्चेरीची जिपमेर या संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही स्वतंत्र परीक्षा असून ती वर्षातून दोनदा होते. एमडीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांना नीट-एसएस देता येते, मात्र माहितीपुस्तिकेत दिलेल्या तारखेपर्यंत त्यांचे एमडी पूर्ण झालेले असले पाहिजे. एकदा डीएमला रुजू होऊन जागा सोडणाऱ्याला त्या अभ्यासक्रमाचा मूळ कालावधी संपेपर्यंत पुन्हा ही परीक्षा देता येत नाही, त्यामुळे ‘आधी मिळेल ते घेऊ, पुढच्या वर्षी बदलू’ हा हिशेब येथे चालत नाही.

समुपदेशनासाठी नोंदणी करताना परत मिळणारी मोठी अनामत रक्कम भरावी लागते, तिची सोय आधीच करून ठेवावी. जागा मिळाल्यावर महाविद्यालयात हजर होताना वाटपपत्र, प्रवेशपत्र, निकालपत्र, दहावीचे प्रमाणपत्र, एमबीबीएसच्या गुणपत्रिका व पदवी, एमडीची पदवी किंवा तात्पुरते प्रमाणपत्र, वैद्यकीय परिषदेची नोंदणी आणि ओळखपत्र या सर्वांच्या मूळ प्रती लागतात. बहुतेक अडचणी नावावरून येतात. दहावीवर एक, एमबीबीएसवर दुसरे आणि परिषदेच्या नोंदणीवर लग्नानंतरचे तिसरे नाव असेल, तर राजपत्रातील नावबदलाची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवावे. ऐन फेरीत प्रतिज्ञापत्रासाठी नोटरी शोधत हिंडण्यापेक्षा हे काम वर्षभर आधी उरकलेले बरे. महाराष्ट्रातील शासकीय व महापालिका महाविद्यालयांत प्रवेश घेताना शासकीय सेवेचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. त्यातील सेवेचा कालावधी आणि दंडाची रक्कम त्या वर्षीच्या अटींनुसार तपासून मगच सही करावी.

इमेजिंगचा पुरावा

निवासी डॉक्टर म्हणून काम करताना कॅथलॅबची (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते त्या कक्षाची) ओढ स्वाभाविक असते, आणि इकोच्या खोलीत बसणे ही पाळी उरकण्याची बाब समजली जाते. ज्याला इमेजिंगमध्ये अध्यापक व्हायचे आहे त्याने उलट वागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक तपासणीची नोंद लॉगबुकात त्याच दिवशी करावी: तारीख, रुग्णाचे नाव वगळून नोंदणी क्रमांक, तपासणी कशासाठी मागवली, कोणती पद्धत वापरली, मुख्य निष्कर्ष, आणि तपासणी स्वतः केली की वरिष्ठांच्या देखरेखीखाली. दर महिन्याच्या शेवटी त्या पानावर मार्गदर्शकाची सही व शिक्का घ्यावा. मार्गदर्शकांची बदली होते, ते निवृत्त होतात, आणि तीन वर्षांनी एकगठ्ठा सही करायला कोणीच तयार नसते, आणि ते योग्यही आहे.

ही वही पुढे परदेशी संस्थांच्या प्रमाणपत्रांसाठी कामी येते. इकोसाठी युरोपीय हृदयप्रतिमा संघटनेची परीक्षा आहे. तिच्या पूर्ण प्रमाणपत्रासाठी लेखी परीक्षेबरोबर लॉगबुकही तपासले जाते. कार्डिॲक एमआरआयमध्ये अमेरिकेतील एससीएमआर या संस्थेने प्रशिक्षणाच्या तीन पातळ्या ठरवल्या असून दुसऱ्या पातळीसाठी 150, तर तिसरीसाठी 300 तपासण्यांचा अनुभव अपेक्षित धरला आहे. अशी प्रमाणपत्रे पदासाठी सक्तीची नाहीत आणि डीएमची जागाही घेत नाहीत. पण मुलाखतीत ‘एमआरआय येतो’ असे म्हणणारे पाच उमेदवार समोर असताना या प्रमाणपत्रांचे वजन कळते.

सहायक प्राध्यापकपदाचा अर्ज

डीएम उत्तीर्ण झाल्यावर पहिले काम म्हणजे महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे अतिरिक्त अर्हतेची, म्हणजे या नव्या पदवीची, नोंदणी करणे. ती नसताना केलेला अर्ज छाननीत अडकू शकतो. राज्य शासनाच्या महाविद्यालयांतील नियमित पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात, तर कंत्राटी नेमणुका महाविद्यालये स्वतः जाहिरात काढून करतात. डीएमच्या प्रवेशात जातीनिहाय आरक्षण नसल्यामुळे अनेकांची जातीची कागदपत्रे वर्षानुवर्षे कपाटातच असतात. परंतु नोकरीत आरक्षण लागू असल्याने जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, मुदतीतील नॉन-क्रिमीलेयर आणि अधिवास प्रमाणपत्र यांची गरज येथे पुन्हा उभी राहते. लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र विसरू नये.

पुढील पदोन्नतीसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे अध्यापक-पात्रतेचे नियम पाहावेत. 2022 च्या नियमांनंतर 2025 मध्ये नवे नियम आले आहेत, म्हणून जाहिरातीत कोणत्या नियमांचा उल्लेख आहे हे आधी वाचावे. वैद्यकीय शिक्षणतंत्राचा मूलभूत अभ्यासक्रम आणि जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम हे दोन्ही करावे लागतात. दुसरा ऑनलाइन करता येतो. शोधनिबंधांबाबत इमेजिंगवाल्यांनी विशेष सावध राहावे. 2022 च्या नियमांनी मूळ संशोधन, पद्धतशीर आढावा, मेटा-ॲनालिसिस आणि रुग्णमालिका यांनाच मान्यता दिली होती. दुर्मीळ गाठीचे किंवा विचित्र झडपेचे एक देखणे चित्र नियतकालिकात छापून आले, तर कौतुक होते, पण या यादीत ते बसत नाही. त्यामुळे अशा दहा चित्रांपेक्षा एका आजाराच्या वीस-पंचवीस रुग्णांची नीट जमवलेली मालिका अधिक उपयोगाची.

रुजू झाल्यावरची नोंदणी

हा भाग नव्या अध्यापकांना कोणी सांगत नाही. कार्डिॲक सीटीचे यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याखाली येते, पण इकोचे यंत्र अल्ट्रासाउंडवर चालत असल्यामुळे 1994 च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याच्या कक्षेत येते. यंत्राची नोंदणी रुग्णालयाच्या नावाने ‘नमुना अ’मध्ये दोन प्रतींत केलेल्या अर्जावर होते, सोबत गर्भलिंगनिदान करणार नाही असे प्रतिज्ञापत्र, यंत्राचा तपशील व वापरणाऱ्या डॉक्टरांच्या पदव्या जोडतात, आणि ‘नमुना ब’मधील प्रमाणपत्र 5 वर्षे चालते. कर्मचारी, जागा किंवा यंत्र यांत बदल होणार असेल तर या कायद्याखालील समुचित प्राधिकाऱ्याला किमान 30 दिवस आधी कळवावे लागते. म्हणजेच नव्या अध्यापकाने ‘मशीन विभागाचेच आहे’ असे समजून प्रोब हाती घेऊ नये. आपले नाव वापरकर्त्यांच्या यादीत आले आहे का, हे आधी विभागाच्या लिपिकाकडे विचारून प्रत स्वतःजवळ ठेवावी.

गर्भाच्या हृदयाचा इको करणाऱ्यांना याच कायद्याखालील गर्भवतीच्या माहितीचा ‘नमुना एफ’ भरावा लागतो. तो अर्धवट राहिला तर ‘मी फक्त हृदय पाहिले’ हा बचाव पुरेसा ठरत नाही. पद सोडताना सेवामुक्तीचा आदेश आणि अनुभव प्रमाणपत्र यांबरोबरच यंत्राच्या वापरकर्त्यांच्या यादीतून नाव कमी केल्याचे पत्रही घ्यावे, कारण पुढच्या रुग्णालयाच्या नोंदणीत नाव घालताना प्राधिकारी कार्यालयातून हाच प्रश्न विचारला जातो.